३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी

पहिल्या नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे सुट्ट्यांचा तक्ता. वेगवेगळ्या देशांतल्या सरकारी सुट्ट्या एका फाइलमध्ये होत्या, त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करायच्या होत्या. रशियाच्या ओळीवर आलो तर १ ते ८ जानेवारी सलग सुट्टी, आणि नाताळ चक्क ७ जानेवारीला. इतकी उघड चूक सापडल्याचा मला आनंदच झाला. ७ जानेवारी खोडून मी २५ डिसेंबर केलं आणि बदल पुढे पाठवला. अर्ध्या तासात तो परत आला. सीनियरने खाली एवढंच लिहिलं होतं: ‘आधीचं बरोबर होतं. का, ते शोध.’

शोधायला गेलो आणि त्यात जो अडकलो तो आजवर पूर्ण बाहेर आलेलो नाही. त्याला आणखी एक कारण होतं. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, तेव्हा रशियात निझनी नोवगोरोडला एमबीबीएस करत होती. तिला फोनवर हा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, ‘अरे, इथे नवं वर्षसुद्धा दोनदा येतं. ये आणि बघ.’ मग डिसेंबर २०१८ च्या अखेरीस उरलीसुरली सगळी रजा टाकून मी निघालो. बॅगेत मावशीने दिलेला तिळगुळाचा डबा होता. ‘संक्रांत तिकडेच होईल तुमची,’ ती म्हणाली होती.

मॉस्कोहून निझनी साधारण चारशे किलोमीटर पूर्वेला. ओका नदी व्होल्गेला मिळते तिथे उंच कड्यावर जुना किल्ला आहे, त्यालाही क्रेमलिनच म्हणतात. व्होल्गा गोठलेली होती आणि पांढऱ्या मैदानासारख्या त्या नदीवर ठिपक्यांएवढी माणसं बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसली होती. मॅक्झिम गॉर्कीचं हे जन्मगाव, म्हणून १९३२ ते १९९० शहराचं नावच गॉर्की होतं. नंतर पुन्हा निझनी नोवगोरोड. ताई ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायची त्या आजीबाई अजूनही बोलता बोलता ‘गॉर्की’ म्हणून जात. मला वाटलं, वयामुळे. मग लक्षात आलं की तारखांच्या बाबतीतही त्यांचं असंच चालतं, आणि वयाशी त्याचा काही संबंध नाही.

आता थोडं गणित. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरमध्ये वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरलंय. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. वर्षाला अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण सव्वाशे-एक वर्षांत त्याचा एक दिवस होतो. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा यांनी दहा दिवस गाळून हा घोळ निस्तरला आणि पुढे शतकाच्या वर्षाला, चारशेने भाग जात नसेल तर, लीप वर्ष धरायचं नाही असा नियम केला. आपण वापरतो ते हेच ग्रेगोरियन कॅलेंडर. ऑर्थोडॉक्स रशियाला मात्र पोपचं काहीही मान्य होण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या काळी मॉस्कोत वर्ष मोजायचे ते जगाच्या निर्मितीपासून, आणि नवं वर्ष सुरू व्हायचं १ सप्टेंबरला. पीटर द ग्रेट युरोप पाहून परतला आणि त्याने डिसेंबर १६९९ मध्ये, तिकडच्या हिशेबाने ७२०८ साली, फर्मान काढलं: येत्या १ जानेवारीपासून १७०० साल सुरू. त्यामुळे ७२०८ हे वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन चार महिन्यांत संपलं. त्याच फर्मानात मोठ्या रस्त्यांवरच्या घरांना पाइन, फर आणि ज्युनिपरच्या फांद्या लावा, शेकोट्या पेटवा, बंदुका उडवा, असंही लिहिलं होतं. म्हणजे उत्सवाची तारीख सरकारने ठरवली, आणि तो साजरा कसा करायचा तेही. पीटरने वर्षाचा आकडा युरोपचा घेतला, पण कॅलेंडर जुनं ज्युलियनच ठेवलं. अर्धंच अपडेट. पुढची दोनशे वर्षं रशिया युरोपच्या मागे चालत राहिला, आधी अकरा दिवस, मग बारा, विसाव्या शतकात तेरा.

हे तेरा दिवस बोल्शेविकांनी एका रात्रीत पुसले. जानेवारी १९१८ मध्ये लेनिनच्या सहीचा हुकूम निघाला: ३१ जानेवारीनंतरचा दिवस १ फेब्रुवारी न धरता १४ फेब्रुवारी धरावा. बुधवारी रात्री झोपलेला माणूस गुरुवारीच उठला, वारांची साखळी तुटली नाही, पण मधल्या तेरा तारखा त्या वर्षी रशियात उगवल्याच नाहीत. त्या हुकमात १ जुलैपर्यंत प्रत्येक नव्या तारखेपुढे कंसात जुनी तारीखही लिहावी अशी तरतूद होती. मला ती फार आवडली. सिस्टीम बदलताना जुनी काही काळ सोबत चालू ठेवायची, हे आम्ही रोज करतो.

फक्त ती मुदत १ जुलै १९१८ ला संपली नाही. लोकांच्या डोक्यातला कंस उघडाच राहिला.

चर्चने जुनं कॅलेंडर सोडलं नाही, त्यामुळे त्यांचा २५ डिसेंबर सरकारी ७ जानेवारीला येऊ लागला. जुन्या हिशेबाची १ जानेवारी १४ तारखेवर गेली, तिचं नाव पडलं ‘स्तारी नोवी गोद’, जुनं नवं वर्ष. ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात आला. सगळ्यात बिचारी झाली ती इवान कुपालाची रात्र. नदीकाठी शेकोटी पेटवून तिच्यावरून उड्या मारायच्या, फुलांचे मुकुट पाण्यात सोडायचे, असा हा उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवसाजवळचा सण. आता तो जुलैच्या ६ आणि ७ तारखांमधल्या रात्री होतो, म्हणजे मोठा दिवस होऊन दोन आठवडे उलटल्यावर.

सण नुसते सरकले असते तर ही गंमतच म्हणायची. १९२९ मध्ये मात्र सोव्हिएत सरकारने आठवड्यालाच हात घातला. कारखाने एक दिवसही बंद राहू नयेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग, आणि ज्याच्या त्याच्या रंगाच्या दिवशी त्याची सुट्टी. यंत्रं अखंड चालणार, रोज पाचातले चार जण कामावर. कागदावर ही योजना इतकी सुबक आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा, खरं सांगतो, मी मनातल्या मनात दाद दिली. सर्व्हरचा भार वाटून द्यायचा असेल तर मीही असंच काहीतरी लिहीन. पण नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असला की दोघांना एक दिवस एकत्र घरी मिळायचा नाही. रविवारच उरला नाही, म्हणजे चर्चला जायचा दिवस उरला नाही, आणि ते सरकारला हवंच होतं. १९३१ मध्ये पाचाचे सहा दिवस झाले, निदान सुट्टी सगळ्यांना एकदम मिळू लागली. सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला तो थेट १९४० मध्ये.

त्याच १९२९ च्या सुमारास नाताळ गेला, आणि त्याबरोबर झाडही. रशियन घरांत फरचं झाड सजवायची चाल एकोणिसाव्या शतकात जर्मनांकडून आली होती. आता ती पाद्र्यांची खुळचट प्रथा ठरली. लोक पडदे ओढून लहानसं झाड लावत आणि कुणी खिडकीतून पाहील म्हणून घाबरत, अशा आठवणी त्या पिढीने सांगितल्या आहेत. १ जानेवारीही साधा कामाचा दिवस झाला.

मग २८ डिसेंबर १९३५ ला ‘प्रावदा’त एक छोटंसं पत्र आलं. लिहिणारा पावेल पोस्तिशेव, युक्रेनमधला पक्षाचा बडा नेता. त्याचं म्हणणं असं: क्रांतीपूर्वी श्रीमंतांच्या मुलांसाठी झाडं सजायची आणि कामगारांची मुलं काचेतून हेव्याने बघत उभी राहायची. मग आता आपल्याच मुलांना आपण त्या आनंदापासून लांब का ठेवतो? नवीन वर्षाचं झाड लावू या. स्टालिनच्या संमतीशिवाय हे छापलं गेलं असेल असं कुणीच मानत नाही. तीन-चार दिवसांत शाळांत, बालगृहांत, क्लबांत झाडं उभी राहिली. टोकावरचा बेथलेहेमचा तारा जाऊन लाल पंचकोनी तारा आला. नाताळचं सगळं सामान तेच, नाव फक्त नवीन वर्षाचं. आजोबा फ्रॉस्ट म्हणजे देद मरोज परत आला, सोबत नात स्नेगुरोच्का. ही हिमकन्या मुळात लोककथेतली आणि अलेक्सांद्र ओस्त्रोव्स्कीच्या १८७३ च्या नाटकातली, सोव्हिएत काळात तिला देद मरोजची कायमची नात केलं गेलं. आज वोलोग्दा प्रांतातल्या वेलिकी उस्त्युगला त्याचं ‘घर’ आहे आणि पर्यटक मुलाबाळांना घेऊन तिथे जातात. ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस थाटलेलं आहे, पण मुलांना त्याचं काय.

पोस्तिशेवचं पुढे काय झालं? हा तोच माणूस, ज्याला जानेवारी १९३३ मध्ये स्टालिनने युक्रेनला पाठवलं होतं. लाखो माणसं उपाशी मेली त्या दुष्काळात धान्याची सक्तीची वसुली राबवणाऱ्यांत तो होता. १९३८ मध्ये त्यालाच अटक झाली आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये गोळी घातली गेली. झाड राहिलं. निझनीच्या चौकातलं प्रचंड झाड, त्याच्याभोवती फेर धरणारी मुलं, बर्फाच्या घसरगुंड्या, हे सगळं मी मोबाइलवर भरभरून टिपलं तेव्हा हे नाव माझ्या कानावरही आलेलं नव्हतं. आता ते फोटो उघडले की ते आठवतंच. आठवून काय करायचं, ते मात्र मला ठरवता आलेलं नाही.

३१ डिसेंबरची रात्र आजीबाईंच्या स्वयंपाकघरात काढली. टेबलावर ऑलिव्हिए सॅलड (बटाटा, वाटाणा, काकडीचं लोणचं, अंडं आणि भरपूर मेयोनेज), संत्र्याची धाकटी बहीण शोभेल अशी मँडरिन्स, आणि टीव्हीवर १९७६ च्या १ जानेवारीला पहिल्यांदा दाखवलेला आणि तेव्हापासून दर वर्षअखेरीला लागणारा ‘आयरनी ऑफ फेट’. सिनेमात एक माणूस दारूच्या नशेत चुकून मॉस्कोऐवजी लेनिनग्राडला पोचतो आणि तिथे त्याच नावाच्या रस्त्यावर, त्याच नंबरच्या इमारतीत त्याची किल्ली दुसऱ्याच्या दाराला लागते. सगळीकडे एकसारखं बांधून ठेवलेल्या देशाची यापेक्षा मायाळू चेष्टा मी पाहिलेली नाही. बाराला क्रेमलिनच्या घड्याळाचे टोल पडले, पण कामचात्कात नवं वर्ष लागून तोवर नऊ तास झाले होते. अकरा टाइमझोन, अकरा मध्यरात्री.

आजीबाईंच्या झाडावर काचेची जुनी खेळणी होती. एक अंतराळवीर, एक विमान आणि एक मक्याचं कणीस. ख्रुश्चेव्हने देशभर मका लावायचा ध्यास घेतला होता तेव्हा झाडावर टांगायची कणसंसुद्धा निघाली होती. ते कणीस हातात घेऊन आजीबाई बोलत्या झाल्या आणि ताई एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेली.

त्या १९४१ च्या. वडील युद्धावरून एक हात गमावून परतले. मे १९४५ मध्ये ९ मे हा विजयदिन म्हणून सुट्टीचा दिवस ठरला. १९४७ च्या डिसेंबरात सरकारने १ जानेवारीला सुट्टी दिली आणि त्याच वेळी ९ मेची काढून घेतली. ‘बाबा म्हणायचे, आमचा दिवस घेतला आणि मुलांना दिला. बरं झालं, निदान मुलांना तरी दिला.’ ९ मेला ते इतर दिवसांसारखे कामावर जात, संध्याकाळी दोन मित्र येत, तिघं न बोलता पीत. सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावलेल्या देशात विजयाचा दिवस सतरा वर्षं कामाचा दिवस होता. १९६५ मध्ये, विसाव्या वर्षी, ब्रेझनेव्हच्या काळात सुट्टी परत आली. आजीबाईंचे वडील त्याआधीच गेले होते. आज टीव्हीवर ९ मेचे रणगाडे आणि क्षेपणास्त्रं दिसतात तेव्हा मला ते स्वयंपाकघर आठवतं.

हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. किल्ल्याच्या तटाखाली निझनीत मिनिन आणि पोझार्स्की यांचा पुतळा आहे, मॉस्कोतल्या रेड स्क्वेअरवरच्या पुतळ्याची प्रतिकृती. कुझ्मा मिनिन हा इथलाच मांसाचा व्यापारी. त्याने वर्गणी जमवली, राजपुत्र पोझार्स्कीने फौज नेली आणि १६१२ मध्ये मॉस्कोतून पोलिश सैन्याला हुसकावलं. २००५ पासून त्या विजयाची आठवण म्हणून ४ नोव्हेंबरला ‘राष्ट्रीय एकता दिन’ असतो. मी सवयीने तारीख तपासली. मॉस्कोतला कितायगोरोद भाग सर झाला तो ज्युलियन २२ ऑक्टोबरला. पण सतराव्या शतकात दोन कॅलेंडरांत फरक होता दहा दिवसांचा, तेरा नव्हे. म्हणजे उत्तर येतं १ नोव्हेंबर! ४ नोव्हेंबर येतो तो आजचा फरक लावल्यामुळे. चर्चचा कझानच्या मातेच्या प्रतिमेचा सण २२ ऑक्टोबरचा, तो आता ४ नोव्हेंबरला येतो, आणि सरकारने तोच दिवस घेतला. शिवाय क्रांतीची ७ नोव्हेंबरची सुट्टी रद्द करताना हाताशी तीन दिवस आधीचीच एक सुट्टी मिळाली. मी हा माझा शोध ताईला मोठ्या उत्साहाने सांगितला. ती म्हणाली, ‘मुलं पुतळ्यापाशी आइस्क्रीम खातात त्या दिवशी. तू नको बग रिपोर्ट करूस.’

सरकारांचं बोट फारसं न धरता टिकलेला सण म्हणजे मास्लेनित्सा, आणि मला विचाराल तर पाहुण्याने त्यासाठीच जावं. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होण्यापूर्वीचा हा आठवडा, त्यामुळे तारीख दरवर्षी हलती. मांस सुटलेलं असतं, पण दूध, लोणी, अंडी चालतात, म्हणून आठवडाभर ब्लिनी: आपल्या घावनासारख्या पातळ, पण मऊ आणि लोण्याने निथळणाऱ्या. बुधवारी सासूने जावयाला ब्लिनी खायला बोलवायचं आणि शुक्रवारी जावयाने सासूला. अधिक महिन्यात जावयाला अनारसे देणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. रविवारी गवताची बाहुली जाळतात, ती जाळली की हिवाळा गेला. आणि त्याच दिवशी लोक एकमेकांची माफी मागतात. मी तोवर परत आलो होतो. ताईने व्हिडिओ पाठवला, त्यात ज्वाळांपेक्षा तिच्या मैत्रिणींचा आरडाओरडाच जास्त ऐकू येतो.

जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मावळत नसल्यासारख्या रात्री, शाळा संपवलेल्या मुलांसाठी नेवा नदीतून जाणारं लाल शिडांचं जहाज, हे सगळं अजून पाहायचं राहिलंय. मधल्या काळात युद्ध आलं. २०२३ मध्ये युक्रेनने कायदा करून नाताळची सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला नेली. कायद्यात रशियाच्या वारशापासून दूर होण्याचं कारण स्पष्ट दिलेलं आहे. म्हणजे सुट्ट्यांच्या तक्त्यात जो बदल मी चुकून रशियाच्या ओळीत केला होता, तो युक्रेनच्या ओळीत एका देशाने जाणूनबुजून केला, बॉम्ब पडत असताना. तो तक्ता आता दुसरंच कुणी सांभाळतं. त्या दिवशी मी त्यांना मेसेज करून आठवण केली.

तिळगुळाचं सांगायचं राहिलंच.

आजीबाईंचं झाड १ तारखेनंतरही उभं होतं, ७ जानेवारीच्या नाताळानंतरही. ‘जुनं नवं वर्ष झाल्याशिवाय काढत नाहीत,’ ताई म्हणाली. १३ च्या रात्री पुन्हा सॅलड, पुन्हा शॅम्पेन, पण यावेळी भाषण नाही, घाई नाही. या सणाला सरकारी सुट्टी नाही, कुणी तो जाहीर केलेला नाही, आणि म्हणूनच कुणाला तो रद्दही करता आला नाही. बारा वाजून गेल्यावर ताईने डबा उघडला. उद्या नव्हे, आता आजच १४ जानेवारी, आमचाही सण, असं म्हणून तिने आजीबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ‘गोड बोला’चं रशियन केलं. आजीबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

भारतात तोवर पहाट झाली होती. मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिने डोळे चोळत सगळं पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, यंदा संक्रांत पंधराला आहे. कालनिर्णय बघितलं नाहीस का?’

खरंच होतं. २०१९ ची संक्रांत १५ तारखेची. आपलं पंचांग नक्षत्रांवरून वर्ष मोजतं, ते ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस-एक मिनिटांनी मोठं, म्हणून साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद १८६३ मध्ये संक्रांतीला जन्मले ती १२ जानेवारी होती. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणून आपण सर्रास त्याला संक्रांतीची लढाई म्हणतो, पण त्या वर्षी संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेलेली असणार. आणि रशियन चर्चने जुनंच कॅलेंडर धरून ठेवलं तर त्यांचा नाताळ २१०१ पासून ८ जानेवारीला येईल. हे सगळं मी तिथेच, रात्री साडेबाराला, कागदी रुमालावर आकडे मांडून ताईला समजावत होतो. ताईने त्यातलं किती आजीबाईंपर्यंत पोचवलं देव जाणे.

आजीबाईंनी विचारलं, म्हणजे तुमचा सण अजून झालाच नाही?

नाही, ताई म्हणाली, उद्या.

त्यांनी उरलेला तिळगूळ डब्यात परत भरला, झाकण लावलं आणि डबा झाडाखाली ठेवला. झाड १५ ला रात्री उतरवलं.